हेलिकॉप्टर उठतच नाही, आणि उठलं की उसळतं! पिच-थ्रॉटल कुठून धरू?

पऱ्हाटी | १४ एप्रिल, रात्री ९:५०

राम राम मंडळी. यावलजवळच्या एका गावातून लिहितोय. मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, त्यामुळे वायर, बेअरिंग, गिअर यांची भीती नाही. पण गेले तीन आठवडे एका रिमोटवरच्या मॉडेल हेलिकॉप्टरनं डोकं उठवलंय.

४५० साइजचं आहे, फ्लायबारवालं (रोटरवर तोल सांभाळणारी आडवी दांडी असलेलं) जुनं मॉडेल. एकाकडून वापरलेलं घेतलं. ३२५ मिलिमीटरची ब्लेडं, ३५०० केव्हीची (दर व्होल्टला ३५०० फेऱ्यांची) मोटर, ११ दातांचा पिनियन (मोटरवरचा छोटा गिअर), १५० दातांचा मुख्य गिअर, ३ सेलची २२०० ची लायपो बॅटरी. रेडिओ सहा चॅनलचा, कर्व्हला (स्टिक कुठे असताना किती द्यायचं त्या आलेखाला) पाच पॉइंट. विकणारा म्हणाला, "सगळं सेट आहे, बॅटरी लाव आणि उडव."

होतं असं. स्टिक अर्ध्यावर नेली तरी जमिनीला चिकटून. पाऊण केली तरी तेच, फक्त ब्लेडं किंचाळतात. टोकाच्या जवळ आलो की एकदम दोन-तीन फूट उडी मारतं आणि नाक डावीकडे फिरतं. घाबरून स्टिक जराशी खाली घेतली की दगडासारखं आपटतं. एक स्किड मोडला, एकदा शेपटीच्या दांड्याला ब्लेड घासलं.

दोन्ही कर्व्ह सरळ आहेत, ०-२५-५०-७५-१००. मग मी थ्रॉटल कर्व्ह वाढवून ०-६०-८०-९०-१०० केला. किंचाळणं वाढलं, बाकी काही फरक नाही. पिच म्हणजे नेमकं काय करायचं आणि थ्रॉटल म्हणजे काय, इथपासूनच सांगितलं तरी चालेल. लाज वाटत नाही.

शेवभाजी_तर्रीवाली | १४ एप्रिल, रात्री १०:०५

यावल म्हणजे केळीचा पट्टा. बागेच्या कडेला उडवू नको रे भो, घडच्या घड सोलून निघतील.

हतनूर_बॅकवॉटर | १४ एप्रिल, रात्री १०:४०

कर्व्हला हात लावू नकोस. जे वाढवलंस ते परत सरळ कर आणि रेडिओ बाजूला ठेव. तुझा आजार रेडिओत नाही, रोटरच्या हेडमध्ये आहे असं मला वाटतं. पण वाटण्यावर मी बोल्ट फिरवत नाही. भुसावळच्या लोको शेडमध्ये अख्खी नोकरी गेली, तिथे पहिला धडा हाच होता, आधी मोज.

मोजण्याआधी मोटरचे स्क्रू ढिले करून मोटर मागे सरकव, पिनियन मुख्य गिअरपासून सुटला पाहिजे. काही जण मोटरच्या तीन वायरी काढतात, तेही चालतं. पण पुढे ईएससीला (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटला) थ्रॉटलची वरची-खालची हद्द शिकवायची वेळ येईल तेव्हा बीप ऐकावी लागते, आणि ती बीप मोटरच वाजवते. वायरी काढल्या की बीप नाही. म्हणून मी पिनियन सोडवतो.

मग एक पिच गेज घे. प्लास्टिकचं साधं येतं, ब्लेडवर सरकवायचं. फ्लायबार जमिनीला समांतर धरायचा आणि गेजची वरची कड फ्लायबारच्या रेषेत दिसेपर्यंत फिरवायची. आकडा वाचायचा. तीन आकडे सांग : स्टिक तळाला, मध्यावर, टोकाला. शिवाय स्टिक मध्यावर असताना तिन्ही सर्व्होंचे (ब्लेडांचा कोन बदलणाऱ्या छोट्या मोटरींचे) आर्म आडवे आहेत का, आणि स्वॉशप्लेट (सर्व्होंची हालचाल ब्लेडांपर्यंत नेणारी तबकडी) सपाट आहे का तेही बघ. आणि सबट्रिम (रेडिओतून सर्व्होचा मध्य सरकवायचा आकडा) किती भरलेत ते लिही.

गिरणाथडी | १५ एप्रिल, सकाळी ६:२०

हतनूरच्या आप्पांनी बरोबर नस धरली. पण पोरानं विचारलंय की पिच म्हणजे काय अन् थ्रॉटल म्हणजे काय, ते कोणी सांगितलंच नाही. भाऊ, तू शेतकऱ्याच्या घरचा असशील तर दोन मिनिटांचं काम आहे.

ट्रॅक्टरला मळणी यंत्र लावतो तेव्हा काय करतो? हँड थ्रॉटल ओढून पीटीओ (ट्रॅक्टरमागचा फिरता दांडा) ५४० फेऱ्यांवर आणतो आणि सोडून देतो. मग पेंढी आत ढकलली की इंजिन दबतं, गव्हर्नर डिझेल वाढवतो, फेऱ्या तिथल्या तिथे राहतात. पेंढी जास्त टाकायची की कमी, ते टाकणाऱ्याच्या हातात. ॲक्सिलरेटरनं कोणी मळणी करत नाही.

हेलिकॉप्टरचं तेच. थ्रॉटल म्हणजे फेऱ्या राखायचं काम. पिच म्हणजे पेंढी. वर जायचं तर ब्लेडांचा कोन वाढवायचा, खाली यायचं तर कमी करायचा, फेऱ्या मात्र जवळजवळ त्याच ठेवायच्या. तू काय करून राहिला, तर पेंढी न टाकता नुसता ॲक्सिलरेटर दाबून राहिला. यंत्र किंचाळेल नाही तर काय.

पऱ्हाटी | १५ एप्रिल, सकाळी ७:०२

दादा, हे वाचून खरंच डोक्यात उजेड पडला. मी आजवर समजत होतो की जास्त फिरवलं की उठतं.

वावटळ | १५ एप्रिल, दुपारी १:१५

जास्त फिरवलं की उठतं हे ड्रोनचं गणित. लग्नात फिरतात त्या चार पंख्यांच्या ड्रोनमध्ये पंख्याचा कोन कायमचा ठरलेला, म्हणून मोटरचा वेग सतत कमी-जास्त करावा लागतो. तिथे पंखे लहान आणि हलके, वेग चटकन बदलतो. तुझा रोटर सव्वादोन फुटांहून मोठा. एवढं जड चाक वेगात आणायला अर्धा-एक सेकंद जातो, तेवढ्यात हेलिकॉप्टर आपटलेलं असतं. कोन मात्र सर्व्हो क्षणात बदलतो. म्हणून वेग बांधायचा आणि कोनाशी खेळायचं.

नाक डावीकडे का फिरतं तेही यातच आलं. आपल्या मॉडेलांचा रोटर वरून बघितलं तर बहुतेक घड्याळाच्या काट्यांसारखा फिरतो. म्हणजे बॉडीला उलटा, डावीकडे झटका. शेपटीचा पंखा तो झटका पेलतो, पण शेपटी मुख्य गिअरवरूनच चालते. तू टोकाला स्टिक नेतोस तेव्हा पिच आणि मोटरचा जोर दोन्ही एकदम वाढतात, जायरोला (शेपटी आपोआप सावरणाऱ्या सेन्सरला) सावरायला वेळ मिळत नाही. फेऱ्या स्थिर झाल्या की निम्मं दुखणं आपोआप जाईल. जायरोचा गेन (तो किती जोरानं सावरतो ते) आत्ताच चाळत बसू नकोस.

(धुळ्यात इंजिनिअरिंगच्या पोरांना हेच शिकवते. वर्गात कोणी इतक्या उत्सुकतेनं विचारत नाही.)

पऱ्हाटी | १७ एप्रिल, रात्री ८:३०

गेज आलं. आकडे :
तळाला उणे १३, मध्यावर उणे ४, टोकाला अधिक ५.

पुढचे दोन सर्व्हो आर्म आडवे. मागचा एक दात खाली लटकलाय, आणि त्याच चॅनलला सबट्रिम ६० भरलाय. स्वॉशप्लेट नजरेला सपाट वाटते, पण पट्टी लावली तर मागे किंचित झुकलेली आहे.

हतनूर_बॅकवॉटर | १७ एप्रिल, रात्री ९:१५

बघ, सगळं कागदावर आलं. मध्यावर ब्लेड उणे ४ अंशावर, म्हणजे हवा वर ढकलतंय, हेलिकॉप्टरला जमिनीत दाबतंय. पाऊण स्टिकवर कसाबसा शून्याच्या जरा वर येतो. उठायला साधारण ५ अंश लागतात आणि ते तुला अगदी टोकाला मिळतात. तोवर थ्रॉटल १०० वर गेलेला. म्हणून उडी. आणि स्टिक थोडी खाली घेतली की पिच लगेच शून्याकडे जातो, म्हणून दगड. तुझ्या हाताचा दोष काहीच नाही.

बहुतेक कुठेतरी पडलं असणार, लिंक (जोडदांड्या) नव्या टाकल्या असतील आणि लांबी न मोजता लावल्या. मग रेडिओतून कसंबसं जमवायचा प्रयत्न केला. दुरुस्तीत मला याच गोष्टीचा सगळ्यात राग येतो. लिंकची चूक सबट्रिमनं झाकायची नाही.

आता क्रम नीट धर.

मागचा सबट्रिम शून्य कर. आर्मचा स्क्रू काढून आर्म एक दात वर बसव. दात एक पुढे-मागे केला की आर्म साधारण १५ अंशांनी सरकतो, म्हणजे तंतोतंत आडवा बसणार नाही. उरलेला थोडा फरक सबट्रिमनं काढ. सबट्रिमचं काम तेवढंच. मग तिन्ही आर्म आडवे असताना स्वॉशप्लेट मुख्य शाफ्टला काटकोनात हवी. सर्व्होपासून स्वॉशकडे जाणाऱ्या लिंकची लांबी कमी-जास्त करून ती सपाट कर. डोळ्यावर भरवसा नको, स्वॉश लेव्हलर मिळालं तर उत्तम.

त्यानंतर ब्लेडकडे जाणाऱ्या लिंक. स्टिक बरोबर मध्यावर, कर्व्ह सरळ, रेडिओवर ५० आकडा दिसतोय, आणि गेजवर शून्य. दोन्ही ब्लेडांना. कुठल्या बाजूला फिरवलं की कोन वाढतो हे हेडच्या रचनेवर आहे, म्हणून एक पूर्ण फेरी फिरव, गेज लाव, बघ. दोन्हीकडे सारख्याच फेऱ्या दे.

मध्य शून्यावर आला की मगच टोकं बघायची. अधिक १०, उणे १०. रेडिओच्या स्वॉश मेनूत पिचची टक्केवारी असते, तिथून. कर्व्हमधून नाही. शेवटी स्टिक टोकाला नेऊन त्याच वेळी सायक्लिक (पुढे-मागे, डावी-उजवीकडे झुकवणारी स्टिक) चारही कोपऱ्यांत फिरव. कुठे सर्व्हो गुणगुणला किंवा लिंक अडकली तर टक्केवारी कमी कर. ९ अंशांवर समाधान मानायचं, सर्व्हो जाळायचा नाही.

नंदुरबारी_चटणी | १७ एप्रिल, रात्री १०:०१

माझं फ्लायबारलेस (दांडीऐवजी इलेक्ट्रॉनिक युनिटवालं) आहे, आप्पांचं वाचून रेडिओतली पिच टक्केवारी शोधतोय, मेनूच सापडत नाही?

पुण्यात_खान्देशी | १७ एप्रिल, रात्री १०:३०

@नंदुरबारी_चटणी, थांबा! फ्लायबारलेसमध्ये तीन सर्व्होंचं मिक्सिंग (कोणी किती हलायचं ते) युनिट स्वतः करतं. रेडिओत स्वॉशचा प्रकार साधा, म्हणजे एक सर्व्होवाला ठेवायचा. रेडिओतही १२० अंशांचं मिक्सिंग चालू ठेवलं तर मिक्सिंगवर मिक्सिंग होईल आणि पुढे स्टिक केली की मशीन बाजूला पडेल. पिचची हद्द युनिटच्या सेटअपमध्ये भरतात. आर्म आडवे, स्वॉश सपाट, मध्याला शून्य हे मात्र तिथेही तसंच.

पऱ्हाटी | १९ एप्रिल, रात्री ११:२०

झालं. मागचा आर्म बसवला, स्वॉश सपाट केली, तेव्हा मध्य उणे ४ वरून उणे ३ वर आला. मग ब्लेडच्या लिंक अडीच-अडीच फेऱ्या फिरवल्या आणि गेज शून्यावर. म्हणजे माझ्या मशीनवर एका फेरीला सव्वा अंशाच्या आसपास. टक्केवारी थोडी वाढवल्यावर अधिक-उणे १० दोन्हीकडे सारखे. सर्व्हो शांत.

आता कर्व्ह सांगा. मोटर अजून मागेच सरकवलेली आहे, हात शिवशिवतायत.

पुण्यात_खान्देशी | १९ एप्रिल, रात्री ११:४५

माझं मत स्पष्ट आहे. पिच कर्व्ह सगळ्या मोडमध्ये एकच ठेव, ०-२५-५०-७५-१००, सरळ. नॉर्मल, आयडल-अप (कसरतींचा मोड, मोटर सतत फिरती), होल्ड (मोटर बंद), सगळीकडे. बोटांना एकच सवय लागते. पुढे उलटं उडवायला शिकशील तेव्हा मध्यावर शून्य हे रक्तात भिनलेलं हवं. नॉर्मलमध्ये वेगळा पिच ठेवणाऱ्यांची सवय मोडायला नंतर सहा महिने जातात, मी स्वतः त्यातून गेलोय.

हतनूर_बॅकवॉटर | २० एप्रिल, सकाळी ६:०५

तुम्ही क्लबच्या हिरवळीवर उडवता. हा पोरगा काळ्या मातीवर उडवतोय, अजून एक मिनिट हवेत राहिलेला नाही. उतरताना नवशिका माणूस घाबरून स्टिक पार तळाला खेचतो. तिथे उणे १० असलं की रोटर मशीनला जमिनीवर दाबतो, ब्लेड वाकतात आणि शेपटीचा दांडा कापला जातो. एकदा घासलाय त्याचा. उलटं उडवायचं ते २०३० साली बघू.

पुण्यात_खान्देशी | २० एप्रिल, सकाळी ८:५०

आप्पा, मान्य की तळाला उणे १० नको. पण मग जुन्या पद्धतीनं नॉर्मलमध्ये मध्यावरच ५ अंश देऊन तिथे हॉवर करायला (हवेत एका जागी धरायला) शिकवू नका. चुकून आयडल-अपचा स्विच पडला तर तीच स्टिक शून्य पिच देते आणि डोक्याच्या उंचीवरून मशीन खाली येतं. हेही पाहिलंय.

वावटळ | २० एप्रिल, दुपारी १२:४०

दोघांचंही खरं आहे, आणि दोन्ही एका कर्व्हमध्ये बसतं. वरचा अर्धा भाग सगळीकडे एकच, फक्त नॉर्मलमध्ये खालचा अर्धा चपटा करायचा.

तुझी टोकं अधिक-उणे १० आहेत, म्हणजे एक अंश म्हणजे पाच टक्के. नॉर्मल पिच : ४०-४५-५०-७५-१००. अंशांत वाचलं तर उणे २, उणे १, शून्य, ५, १०. हॉवर पाऊण स्टिकवर. आयडल-अप पिच : सरळ. तिथेही हॉवर पाऊण स्टिकवरच. स्विच पडला तरी हवेतल्या मशीनला कळणार नाही.

थ्रॉटललाही तोच नियम. नॉर्मल : ०-४५-७०-८०-९०. आयडल-अप : ९०-८०-७०-८०-९०, इंग्रजी व्हीसारखा. मध्यावर पिच शून्य, ब्लेडं हवा कमी कापतात, म्हणून तिथे जोर कमी लागतो. दोन्ही टोकांना जास्त. खालच्या टोकालाही ९० का, तर उणे १० अंशही तेवढाच भार आहे, दिशा फक्त उलटी. आयडल-अपमध्ये स्टिक तळाला नेली तरी मोटर थांबत नाही, हे पाठ कर. नॉर्मलऐवजी चुकून आयडल-अपमध्ये बॅटरी लावली तर ब्लेडं तिथल्या तिथे फिरायला लागू शकतात.

हे आकडे सुरुवातीचे आहेत. वर चढताना रोटरचा आवाज खाली पडला तर त्या जागचा थ्रॉटल दोन-तीन टक्के वाढव. आवाज चढला तर कमी कर. आवाज एकसारखा राहिला पाहिजे, यासाठी कानापेक्षा चांगलं मीटर नाही.

गिरणाथडी | २० एप्रिल, रात्री ९:१०

ईएससीला गव्हर्नर असेल तर ही सगळी कसरत कशाला? सपाट रेघ मारायची, ७५-७५-७५, झालं.

पुण्यात_खान्देशी | २० एप्रिल, रात्री ९:३०

असेल आणि चांगला असेल तर तेच करावं. आकडा ७० ते ८० च्या दरम्यान, १०० नाही, कारण भार पडला की गव्हर्नरला वर ओढायला जागा हवी. आधीच टोकावर बसवलात तर तो काय वाढवणार? पण स्वस्त ईएससीचा गव्हर्नर कधी कधी फेऱ्यांच्या मागे धावत राहतो, रोटर वर-खाली श्वास घेतल्यासारखा आवाज करतो, शेपटी डोलते. तसं झालं तर बंद करून वावटळताईंचा कर्व्ह वापरायचा. पऱ्हाटी, तू आधी कर्व्हवरच शीक.

हतनूर_बॅकवॉटर | २० एप्रिल, रात्री ९:५५

थ्रॉटल होल्ड कोणी सांगितलाच नाही. तो पहिला लावायचा. एक स्विच ठरव, तर्जनी न शोधता पोचेल असा. होल्डमध्ये थ्रॉटल पाचही पॉइंटला शून्य, पिच सरळ. बॅटरी लावण्याआधी होल्ड चालू. मशीन हातात उचलण्याआधी होल्ड चालू. पडतंय असं दिसलं की होल्ड, कारण फिरत्या ब्लेडनं जमिनीत घुसलं तर मुख्य गिअरचे दात आणि सर्व्होचे गिअर दोन्ही जातात.

हिशोब सांगतो. ३५०० गुणिले ११.१ व्होल्ट, गुणिले ११, भागिले १५०. भाराशिवाय २८५० च्या आसपास फेऱ्या. भाराखाली २५०० धर. तुझ्या रोटरची त्रिज्या साधारण ३६ सेंटिमीटर, म्हणजे ब्लेडचं टोक ताशी तीनशे तीस किलोमीटरहून जास्त वेगानं जातं. माझ्या डाव्या हाताच्या करंगळीला सात टाके आहेत, आणि त्या वेळी मोटर नुसती "सेटिंगला" चालवली होती. म्हणून सारखं पिनियन पिनियन करतो.

पऱ्हाटी | २२ एप्रिल, सायंकाळी ७:१५

उठलं!!! पाऊण स्टिकच्या जरा वर, सरळ, शांत. किंचाळणं गेलं. नाक थोडं हललं आणि थांबलं. गुडघ्याएवढ्या उंचीवर चाळीस सेकंद धरलं. आई ओट्यावरून बघत होती, म्हणाली "उडनं बाई एकदाचं!"

दोन अडचणी. एक, ब्लेडं दोन वेगळ्या उंचीवर फिरताना दिसतात, मशीन थरथरतं. दुसरी, पाचव्या मिनिटाला मोटर आपोआप बसली. संध्याकाळी साडेचारला उडवत होतो, ऊन ४२.

गिरणाथडी | २२ एप्रिल, रात्री ८:००

माय वो! अभिनंदन भाऊ. आता पेढे पाठव, नाहीतर केळीचे वेफर तरी.

हतनूर_बॅकवॉटर | २२ एप्रिल, रात्री ८:२०

दोन उंच्या म्हणजे ट्रॅकिंग. एका ब्लेडच्या टोकाला लाल टेप लाव, दुसऱ्याला निळी, दोन्हीचे तुकडे सारख्याच मापाचे. दुसऱ्या कोणाला तरी सात-आठ पावलं लांब उभं करून डोळ्याच्या रेषेत बघायला सांग, रोटरच्या पातळीत डोकं आणू नको. जे खालून जातंय त्याची लिंक अर्धी फेरी, पिच वाढेल अशी. परत बघ. दोन रेघा एक झाल्या की थरथर जाईल. पण आधी ब्लेडचे बोल्ट सारखे आवळलेत का बघ. ब्लेड स्वतःच्या वजनानं लोंबणार नाही, हातानं ढकललं की हलेल, एवढंच आवळायचं.

वावटळ | २२ एप्रिल, रात्री ९:४०

मोटर बसली ती उन्हानंच असं नाही. एकतर ईएससी तापून स्वतःला बंद करतो किंवा बॅटरी खाली गेल्यावर जोर तोडतो, दोन्ही शक्यता आहेत. उतरल्यावर बॅटरीचा प्रत्येक सेल मोज. ३.७ च्या खाली असेल तर वेळ जास्त झाला, टायमर चार मिनिटांवर लाव. व्होल्टेज चांगलं असेल आणि ईएससीला बोट लावून धरवत नसेल तर उष्णता.

आणि एक गंमत. तुला पाऊण स्टिकच्या "जरा वर" का लागलं? ४२-४३ अंशांना हवा विरळ असते. जानेवारीच्या पहाटे आपल्याकडे १२ अंश असतात तेव्हाच्या तुलनेत जवळजवळ दहा टक्के विरळ. यावलमध्ये एप्रिलच्या दुपारी उडवणं म्हणजे साधारण हिवाळ्यात तोरणमाळच्या डोंगरावर, ११५० मीटरवर उडवण्यासारखं आहे. तेवढंच वजन उचलायला पिच जास्त लागतो, मोटर जास्त ओढते, आणि तिला थंड करणारी हवाही गरम. सकाळी सातच्या आत उडव. दुपारी वावटळी उठतात तो भाग वेगळाच (माझं नाव त्यावरूनच).

लायपो पत्र्याच्या खोलीत किंवा बंद गाडीत ठेवू नकोस. दोन-चार दिवस उडवायचं नसेल तर ३.८ व्होल्टवर ठेव, पूर्ण भरलेली नाही.

शेवभाजी_तर्रीवाली | २२ एप्रिल, रात्री ९:५८

मे महिन्यात आमच्या भुसावळात माणूसच थर्मल कटऑफवर जातो, ईएससीचं काय घेऊन बसलात.

नंदुरबारी_चटणी | २३ एप्रिल, सकाळी १०:१०

हे उडवायला परवानगी वगैरे लागते का? आमच्याकडे एक जण म्हणतो पोलीस उचलतील.

पुण्यात_खान्देशी | २३ एप्रिल, सकाळी ११:३०

ड्रोन नियम, २०२१ मध्ये छंदासाठी, नजरेच्या टप्प्यात उडवायच्या २५ किलोपर्यंतच्या मॉडेलची वेगळी व्याख्या आहे. आपलं ४५० किलोभराचंही नाही. पण जागा महत्त्वाची. सरकारच्या डिजिटल स्काय साइटवरच्या नकाशावर ग्रीन झोन बघायचा, तिथे कमाल ४०० फूट. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फूट. जळगावला विमानतळ आहे, शिरपूरला धावपट्टी आहे, भुसावळ-वरणगावकडे ऑर्डनन्स फॅक्टऱ्या आहेत. तिकडे नकाशा बघितल्याशिवाय बॅटरीसुद्धा लावू नका. तसंही आपल्याला वीस-तीस फुटांच्या वर काय दिसणार?

पऱ्हाटी | ३ मे, सकाळी ८:४०

टेपची युक्ती अर्ध्या फेरीत लागू पडली. थरथर बंद. सेल ३.६ ला जात होते, म्हणून बसत होतं. आता चार मिनिटांचा टायमर. थ्रॉटल पाऊण पॉइंटला ८० चा ८३ केला, चढताना आवाज पडत होता तो थांबला.

नवीन अडचण पिच-थ्रॉटलची नाही, जमिनीची आहे. कपाशीच्या वावरात मातीला एवढ्या भेगा पडल्यात की स्किड आत जाऊन अडकतो. परवा उठताना एक पाय भेगेत, मशीन कलंडलं, पण बोट होल्डवर होतं. फक्त एक ब्लेड गेलं. आप्पा, करंगळीची गोष्ट आठवली.

गिरणाथडी | ३ मे, सकाळी ९:००

चार बाय चारचा प्लायवूड टाक. नाहीतर जुना फ्लेक्स. आमच्याकडे निवडणुकीचे पडलेत, ढिगानं. चारी बाजूंनी विटा ठेव, नाहीतर रोटरची हवा फ्लेक्सच वर उचलून ब्लेडात घालेल.

पऱ्हाटी | २१ डिसेंबर, सकाळी ९:२५

धागा वर काढतोय, माफी. पावसाळाभर बंद होतं, दिवाळीनंतर परत सुरू केलं. आज सकाळी सातला थंडी कडक होती, बोटं गारठलेली. पाऊण स्टिकवर धरलं तर वर जायला लागलं! पाऊणच्या खाली आणलं तेव्हा थांबलं. घरी येऊन गेज लावलं, लिंक जागच्या जागी, मध्य शून्य. मग वावटळताईंचं तोरणमाळ आठवलं. कर्व्हला हात लावला नाही.

फक्त पहिलं अर्धं मिनिट जोर कमी वाटतो.

वावटळ | २१ डिसेंबर, सकाळी ११:१०

बरोबर ओळखलंस, हवा दाट झालीय. पहिल्या अर्ध्या मिनिटाचं कारण गार बॅटरी. उडवण्याआधी दहा मिनिटं स्वेटरच्या आत, खिशात ठेव.

गिरणाथडी | २१ डिसेंबर, दुपारी १२:३०

भरिताचा सीझन शे भाऊ. यावलकडची वांगी, कळण्याची भाकर, अन् वावरात हेलिकॉप्टर. बोलाव कधीतरी सगळ्यांना.

पऱ्हाटी | २१ डिसेंबर, दुपारी १:०५

कधीही या. काट्याकुट्या, पऱ्हाट्या रचून ठेवल्यात भाजायला. प्लायवूडही आहे.

पुण्यात_खान्देशी | २१ डिसेंबर, दुपारी २:२०

संक्रांतीला गावी येतोय, माझं मशीन घेऊन येतो. आयडल-अप सुरू केलास का रे?

पऱ्हाटी | २१ डिसेंबर, दुपारी २:३१

नाही दादा. त्या स्विचवर अजून सेलोटेप आहे.

हतनूर_बॅकवॉटर | २१ डिसेंबर, सायंकाळी ५:४५

राहू दे.